अभ्यासासाठी

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो कुलवृत्तांतासाठी. २०१२च्या दसऱ्याला अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याच्या काळ्या कॅबिनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, झेंडूचं फूल वाहिलं, शेजारी माझी विळी आणि नातवाची कंपासपेटी मांडली आणि सगळ्यांची एकत्र पूजा केली. मग सोफ्यावर बसून त्यांनी खरेदीची कारणं सांगितली. नातवाला अभ्यासाला होईल. सूनबाईला बँकेचं काही घरी करायचं असलं तर करता येईल. आणि मी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत पुरा करीन. तीन कारणं, तिन्ही सोवळ्यातली.

पुढची सहा वर्षं अण्णा त्या यंत्रापुढे रोज दुपारी बसत. मी बँकेतून आले की जिन्यात माझ्या चपला वाजायच्या आणि आत माऊसची एक घाईची टिकटिक व्हायची. मी विचारायची, "अण्णा, कुठवर आला?" ते चष्मा काढून म्हणायचे, "पणजोबांपाशी अडलोय." पणजोबा भारीच अडेलतट्टू असले पाहिजेत, कारण सहा वर्षं ते तिथून हलले नाहीत. नातू मात्र एकदा जेवताना बोलून गेला, "आजोबा पत्ते खेळतात." कोणीच काही बोललं नाही. अण्णांनी ताकाची वाटी पुढे ओढली.

२०१८मध्ये अण्णा गेले. मुलाला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घेऊन झाला होता. कॉम्प्युटर माझ्या जुन्या वायलच्या साडीच्या झाकणाखाली गेला आणि त्याच्यावर इस्त्रीचे कपडे साठू लागले.

२०२२च्या दिवाळीत मुलगा बंगळूरहून आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर मी ‘राजी’ पाहिला. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२०मध्ये आणलेला खेळ. राजी आणि गोलू ही सर्कशीतली भावंडं. असुर गोलूला पळवतात आणि राजी हातात त्रिशूळ घेऊन त्याला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात, मधले प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडतात. ती पोरगी खांबाला लोंबकळून, भिंतीवरून धावत, सज्जावरून सज्जावर जाते. मुलाने मला वीसेक मिनिटं खेळू दिलं. भाऊबीज झाली, तो लॅपटॉप बॅगेत घालून गेला, आणि राजी अर्ध्या सज्जात लटकलेली राहिली. माझ्या डोक्यात, म्हणजे.

वयाच्या पन्नाशीत बाईला खेळावंसं वाटतं हे घरात सांगायचं कसं? साडी हवी, प्रवास हवा, गुडघ्याला पट्टा हवा, हे सांगता येतं. मी मुलाला फोनवर विचारलं, "आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो खेळ चालेल का रे? तू आलास की तुला होईल." तो म्हणाला, "आई, माझ्याकडे लॅपटॉप आहे." मी म्हटलं, "तरी पण." तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड लागेल."

आता थोडं मागे जायला हवं. १९९१मध्ये मी पुण्यात एका कॉम्प्युटर क्लासला जात होते. वर्डस्टार, लोटस, डीबेस. चपला बाहेर काढून आत जायचं, आत एसी, आणि पडद्यांवर हिरवी अक्षरं. सर चहाला गेले की मुलं एक मोठी, लवचीक फ्लॉपी काढत आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ सुरू होई. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने १९८९मध्ये आणलेला खेळ. त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं होतं आणि त्यावरून एकेक चित्र गिरवून तो राजपुत्र हलवला होता, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की पडद्यावर कोणीतरी खरंखुरं पळतंय. उडी चुकली की कडेला बोटांनी धरून राहतंय. राजकन्येला सोडवायला त्याला साठ मिनिटं असत. आमचा तासही साठ मिनिटांचा.

मुली टायपिंग करत आणि मुलांच्या खांद्यांमधल्या फटीतून बघत. एकदाच मला खुर्ची मिळाली. मी तळघरात उतरले, उलट दिशेला जाऊन तलवार शोधून काढली, तोवर मागून चार आवाज सुरू झाले होते. डावीकडे, अगं डावीकडे, थांब, दे इकडे. एक हात आला आणि कीबोर्ड सरकला. तेवढ्यात सरही आले. मी परत वर्डस्टारमध्ये गेले आणि तिमाही व्याजाचं पत्र टाइप केलं. पुढे त्याच टायपिंगवर बँकेत लागले, तेव्हा तक्रार कशाची करणार.

तर ग्राफिक्स कार्ड. पुण्यात असल्या वस्तूंसाठी तपकीर गल्ली. नाकात ओढायच्या तपकिरीचं नाव लावलेल्या या बोळात आता दिव्यांच्या माळा, वायरची भेंडोळी, सीसीटीव्ही, केबल आणि कॉम्प्युटरचे भाग मिळतात. जिन्याखालच्या एका दुकानात तिशीचा एक जण बसला होता. मी प्रश्न विचारला आणि त्याने माझ्या मागे पाहिलं. मुलगा कुठे उभा आहे ते शोधत होता.

"मुलासाठी का, काकू?"

"हो."

"कुठला गेम खेळतो तो?"

"राजी."

"राजी? व्हॅलोरंट नाही?" त्याला माझ्या मुलाची काळजी वाटली असावी.

मग त्याने जुन्या मशीनची कुंडली विचारली. मुलाने मला चिठ्ठी लिहून दिली होती, ती मी वाणसामानाच्या यादीसारखी वाचली. कोअर आय-थ्री २१००, एच-६१ बोर्ड, चार जीबी रॅम. तो म्हणाला, "मग याला मोठं कार्ड घालून उपयोग नाही. बैलगाडीला विमानाचं इंजिन होईल." त्याने एक वापरलेलं कार्ड काढलं: जीटीएक्स १०५० टीआय, २०१६चं, चार जीबी मेमरीचं. "माइनिंगचं नाही हं, काकू. घरगुती वापरलंय." जुनी मोटार विकणारे ‘डॉक्टरांची गाडी आहे’ म्हणतात, त्याच सुरात. त्या वर्षी ‘माइनिंगचं तर नाही ना?’ हा प्रश्न सगळेच विचारत होते. दोनेक वर्षं लोकांनी ग्राफिक्स कार्डांच्या चळती लावून रात्रंदिवस इथेरियम नावाचं आभासी चलन काढलं होतं. त्यात कार्डांचे भाव असे चढले की खेळणारी पोरं नुसती काचेतून बघत राहिली. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि एका दिवसात ती कार्डं बेकार झाली. मग ती पुसून-पासून बाजारात आली. हे कार्ड त्यांतलं होतं की नव्हतं, देव जाणे. साडेसहा हजार, तीन महिन्यांची तोंडी गॅरंटी. मी घासाघीस केली नाही. लबाडी करताना माणूस घासाघीस करत नाही.

रॅमची आणखी एक चार जीबीची पट्टी आणि एक छोटी एसएसडी घेतली. आणि खोकं. त्या खोक्यावर चिलखत घातलेला, डोळ्यांतून निळा उजेड फेकणारा एक पुरुष होता. कॉम्प्युटरला अभ्यासाचं सोंग आणता येतं, या खोक्याला ते कुठून आणता येणार? मी ते दुकानातच ठेवून कार्ड कोथिंबिरीच्या पिशवीत घालून घरी आणलं.

असं कार्ड करतं तरी काय, हे मी बँकेतल्या माणसाच्या चिकाटीने वाचून काढलं. आमचा मॉनिटर १३६६ बाय ७६८चा. म्हणजे पडद्यावर १०,४९,०८८ ठिपके. खेळ सेकंदाला साठ वेळा नवं चित्र मागतो. म्हणजे दर सेकंदाला सहा कोटींहून जास्त ठिपके, प्रत्येकाचा रंग नव्याने ठरवायचा. इथे मला पेणचे गणपतीचे कारखाने आठवले. माझं आजोळ त्या बाजूचं. तिथे एक म्हातारे कारागीर असत. कोणती मूर्ती कशी, पितांबर कुठल्या रंगाचा, सोनेरी कुठे द्यायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात. डोळ्यांची आखणीही तेच करायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. पण अंगाचा रंग भरायला गावातली वीस-पंचवीस पोरं ओळीने बसलेली. पोरांना अक्कल लागत नसे, संख्या लागे. प्रोसेसर म्हणजे ते म्हातारे. हुशार, पण मोजके: आमच्या आय-थ्रीत दोनच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पोरं: या कार्डात ७६८. योगायोगाने आमच्या पडद्यावरच्या आडव्या ओळीही ७६८. ओळीमागे एक पोर बसवावं तर हिशेब पुरा. प्रत्यक्षात वाटणी इतकी सरळ नसते, पण मला तो हिशेब आवडला आणि मी तो तसाच धरून ठेवला.

आजवर काय होत होतं, तर त्या म्हाताऱ्यांच्याच शेजारी प्रोसेसरच्या पोटात सहा कोवळी पोरं बसवलेली होती, आणि तीही रंग ठेवायला रॅमकडून उसनी जागा मागत होती. कुलवृत्तांताला तेवढं पुरत होतं. पत्त्यांनाही. आणि दुकानदाराची बैलगाडीही आता समजली. पोरं हजारोंनी आणलीत तरी म्हाताऱ्यांनी ‘हिला निळा दे’ म्हटल्याशिवाय ती ब्रश धरून बसून राहणार.

मुलाची भीती वेगळी होती. "आई, एसएमपीएस जुना आहे. उडेल." कॅबिनेटच्या मागच्या वीजपेटीवर ४५० वॅट छापलं होतं, पण तो छापील आकडा पत्रिकेतल्या गुणांसारखा असतो म्हणे. मी बेरीज केली. प्रोसेसर ६५ वॅट. कार्ड ७५ वॅट, आणि तेवढी वीज बोर्डावरची ती लांब खाच स्वतःच देते, वेगळी वायर लागत नाही. बाकी किरकोळ. सगळं मिळून दोनशेच्या आत. ७५ वॅट म्हणजे हॉलमधला आमचा जुना पंखा. त्याच ऑक्टोबरात माझ्या कार्डाच्याच कंपनीचं सगळ्यात मोठं कार्ड बाजारात आलं होतं, आरटीएक्स ४०९०, ते एकटं ४५० वॅट खातं. सहा पंखे! आमच्या सबंध घरात पाचच आहेत. मी मुलाला सांगितलं, एक पंखा वाढतोय असं समज.

शनिवारी दुपारी नवरा वामकुक्षीला गेल्यावर मी कॅबिनेट उघडलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच. आधी वास आला, आणि तो उदबत्तीचा होता. यंत्र देवघराला लागून होतं, अण्णांची सकाळची पूजा पंख्याने सहा वर्षं आत ओढून घेतली होती. प्रोसेसरवरच्या पंख्याभोवती धूळ अशी वळून बसली होती की जणू कापसाच्या वाती. तळाला पालीच्या अंड्याचं टरफल, एक लवंग आणि कंपासपेटीतला हरवलेला स्क्रू. रंगकामाच्या जुन्या ब्रशने झाडलं. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी किनार खोडरबराने पुसली. हा उपाय मुलाने सांगितला तेव्हा मी हसले होते, पण पुसल्यावर चमकली खरी. स्वस्तिकाला हात लावला नाही. ते आता तपकिरी झालं होतं.

आणि ती खाच. बोर्डाच्या मधोमध, काळी, लांब, कोरी. दहा वर्षं तिच्यात काहीच गेलं नव्हतं. तिच्यासमोर कॅबिनेटच्या पाठीला एक पत्र्याची पट्टी होती, ती पकडीने पुढेमागे वाकवून तोडावी लागते. हे कोणी सांगितलं नसतं तर मी धीर केला नसता. दोनदा वाकवली, तिसऱ्यांदा ‘टक्’ करून हातात आली. कार्ड खाचेवर टेकवलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. आधी काहीच होईना. मग थोडं जास्त. बोर्ड भाकरीसारखा लवला, माझ्या पोटात गोळा आला, आणि ‘खट्’. टोकाची कडी आपोआप बसली.

कार्डाचे पंखे फिरले. पडदा मात्र काळा. त्यावर ‘नो सिग्नल’ अशी एक चौकट पडद्याच्या कडेकडेने फिरत राहिली.

अर्धा तास मी तिच्याकडे बघत होते. मग मागे वाकून पाहिलं तर मॉनिटरची निळी, पंधरा टाचण्यांची वायर जुन्याच जागी, बोर्डात लावलेली होती. काढली, आता कार्डात लावू म्हणून भोक शोधलं. तसलं भोकच नव्हतं! व्हीजीए ही १९८७ची जोडणी, आणि या पिढीच्या कार्डांनी तिला कायमचा निरोप दिला होता. हे दुकानदाराने सांगितलं नाही, मुलाने सांगितलं नाही, आणि माझ्या एवढ्या वाचनात मी पेणचे गणपती शोधत बसले होते. मंगळवारी बँक सुटल्यावर परत तपकीर गल्ली. "मुलगा स्वतः का येत नाही?" दुकानदाराने विचारलं. मी म्हटलं, "त्याचा अभ्यास चाललाय." बंगळूरला नोकरी करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाचा. साडेतीनशे रुपयांची एक शेपटी मिळाली, एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए.

चित्र आलं. पण जुनी हार्ड डिस्क आता दळण दळल्यासारखी आवाज करत होती. मुलाचं म्हणणं पडलं की विंडोज नव्या एसएसडीवर नव्याने टाकायचं आणि ती डिस्क काढून ठेवायची. काढण्याआधी एकदा आत पाहून घे, काही हवं असेल तर. म्हणून मी अण्णांचा फोल्डर उघडला. कुलवृत्तांत साडेअकरा पानं होता. शेवटचं वाक्य पणजोबांवर, अर्धवट, ‘यांस’ या शब्दापाशी थांबलेलं. ते मी पेन ड्राइव्हवर घेतलं. मग पत्ते उघडले. विंडोज सेव्हनच्या सॉलिटेअरमध्ये आकडेवारीची एक चौकट असते. एकूण डाव ४३१८. जिंकलेले ६१२. शेकडा १४.

रोजचे दोन डाव, सहा वर्षं. सातांतला एक जिंकत. चपलांचा आवाज आल्यावर अर्धवट सोडलेले यांत किती असतील याचा मी अंदाज करायला गेले आणि नंतर नाद सोडला. त्या डावांत मी घरात येणं हा एक पत्ताच होता. मी जिन्यात एखाद-दोन मिनिटं थांबले असते तर? आकडे पेन ड्राइव्हवर नेता येत नव्हते. मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली, लिहून घेतले. डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे.

याच काळात मी एक गोष्ट वाचली, ती अण्णांना सांगायला हवी होती. त्यांनी पूजा केली त्याच वर्षी, २०१२मध्ये, कॅनडात टोरंटोच्या विद्यापीठात अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की नावाच्या विद्यार्थ्याने यंत्राला चित्रं ओळखायला शिकवलं: हे मांजर, ही बोट. शिकवायला पाच-सहा दिवस लागले आणि त्याने त्यासाठी वापरली होती दोन ग्राफिक्स कार्डं, जीटीएक्स ५८०, खेळणाऱ्या पोरांसाठी दुकानात मिळायची तीच. चित्रं ओळखण्याच्या त्या वर्षीच्या स्पर्धेत त्याच्या गटाने बाकीच्यांना फार मागे टाकलं. आज कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून जे काही चाललंय त्याची मोठी उसळी तिथून धरतात. म्हणजे राक्षस मारायला बनवलेली वस्तू बसली अभ्यासाला, आणि अभ्यासाला आणलेल्या आमच्या वस्तूवर अण्णा बदाम-इस्पिकची जुळणी करत होते. एकमेकांच्या जागा चुकलेले दोन विद्यार्थी. अण्णा यावर म्हणाले असते, "म्हणजे आपण पुढेच होतो." आणि पुन्हा पणजोबांकडे वळले असते.

सगळं जुळायला डिसेंबर उजाडला. रात्री साडेदहाला मी ओटा आवरून खुर्चीवर बसले. चित्राची गुणवत्ता मध्यम ठेवली, सावल्या कमी केल्या. गर्दीचे प्रसंग आले की म्हातारबाबा धापा टाकतात आणि राजी अडखळते, पण एकटी धावते तेव्हा पाण्यासारखी धावते. मागे तो एक पंखा घुमत होता. मी दिवाळीतल्याच सज्जावर पोचले. उडी, लटकणं, वर चढणं, पुढची उडी. खाली पडले. पुन्हा. पुन्हा पडले. किती वेळ गेला कळलं नाही. यात साठ मिनिटांची अट नाही.

मागे चप्पल वाजली. माझा उजवा हात आपसूक माऊसवर गेला, खिडकी बंद करायला. घराण्याची सवय लागली होती म्हणायची. नवरा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"हे त्याच्यासाठी घेतलंस ना?" त्याने विचारलं.

"हो."

तो घोटभर पाणी प्यायला. पडद्याकडे बघत राहिला. राजी पुन्हा पडली.

"अगं, डावीकडे," तो म्हणाला, "डावीकडे भिंत आहे बघ. त्या भिंतीवरून पळव. थांब, दे इकडे."

मी कीबोर्ड मांडीवर घेतला.

"स्टूल घेऊन बस," मी म्हटलं. "आणि हात लावू नकोस."